‘उठाव नाही’ म्हणे!

पत्र मोठं होतं, थोडं आटवून देते आहे.

“सासूबाई 81 वर्षांच्या आहेत. कसलाही वास आला की त्यांना शिंका सुटतात आणि सुगंधी साबण लावला तर अंगावर पुरळ उठतं. गेली पंधरा वर्षं त्यांना एकच साबण चालतो. पांढरा, वास नसलेला, फेसही बेताचा. तो आमच्या नेहमीच्या सुपरमार्केटात मिळायचा. मागच्या वेळीच सगळ्यात खालच्या फळीवर, दुसऱ्या खोक्यांच्या मागे सापडला होता. या महिन्यात गेले तर त्याच्या जागी नवे सुगंधी साबण. काउंटरवरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, ‘तो बंद केला मॅडम, उठाव नव्हता.’ मी म्हटलं, ‘मी नेत होते की!’ तर म्हणते, ‘तुम्ही एकट्याच नेत असाल.’ तिथे माझा आवाज चढला. नको तेवढं बोलले. मागे रांग उभी होती. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, ‘आई, एका साबणासाठी?’ मुलगा म्हणतो, ऑनलाइन मागव. सासूबाई म्हणतात, दुसरा कुठलाही आण, मला चालेल. तो चालणार नाही हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. घरात आता चार वड्या उरल्यात. तशा मी एकदम सहा वड्या आणून ठेवायचे, मग सहा महिने बघायला नको. माझं चुकलं का? असल्या गोष्टीसाठी भांडायचं असतं, की निमूटपणे दुसरा साबण शोधायचा? आणि एवढ्या मोठ्या दुकानात एका साबणाला जागा नसावी?

— चार वड्यांची मालकीण”

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या दोन्हींचं उत्तर त्यातून निघतं.

दुकान मोठं असलं तरी साबणाची फळी मोठी नसते. सुपरमार्केटात प्रत्येक प्रकाराला लांबी आखून दिलेली असते. साबणाला एवढे फूट, टूथपेस्टला एवढे, झाडूला कोपरा. कुठली वस्तू कितव्या फळीवर, कुणाच्या शेजारी, आणि तिचे किती नग पुढे तोंड करून मांडायचे याचा नकाशा असतो. त्याला प्लॅनोग्राम म्हणतात. साखळीतलं दुकान असेल तर तो बहुतेक वेळा वरच्या ऑफिसातून येतो आणि दुकानातली मुलं तो बघून माल लावतात. तुमचा साबण त्या दुकानातल्या कुणी हौसेने काढलेला नाही. नव्या नकाशात त्याचा चौकोन नव्हता. काउंटरवरच्या मुलीला तर तो नकाशा कोण काढतं हेही बहुधा ठाऊक नसेल.

चौकोन का गेला, तर नवे साबण रांग लावून उभे असतात म्हणून. कंपनी नवा सुगंध काढते, जाहिरात करते, दुकानाला सुरुवातीची सवलत देते. बऱ्याच देशांत तर फळीवर जागा मिळावी म्हणून कंपन्या साखळी दुकानांना पैसे मोजतात. त्यात दुकानाचा स्वतःच्या नावाचा साबण असतो, त्यावर त्याला मार्जिन जास्त सुटतं. फळी मात्र तेवढीच. तेव्हा ठरावीक काळाने त्या प्रकारातल्या सगळ्या वस्तूंची यादी खपाच्या क्रमाने लावायची आणि शेपटाकडून छाटत यायचं, असा रिवाज आहे.

शेपटाकडच्या मालाचं दुकानाला जड होतं हेही खरं. समजा कंपनी 24 वड्यांच्या खोक्यापेक्षा कमी माल देत नाही आणि दुकानात महिन्याला एकच वडी जाते. म्हणजे एक खोकं संपायला दोन वर्षं. तोवर पैसे अडकलेले, वेष्टन मळलेलं, वरची तारीख जवळ येत चाललेली, आणि शेवटी उरलेल्या वड्या निम्म्या भावात काढायच्या. त्याच जागेत दुसरा साबण आठवड्याला खोकंभर जात असेल तर दुकानदाराला दोष देणं अवघड आहे. मी दुकान चालवत असते तर मीही हेच केलं असतं. (आणि मग एखाद्या बाईने येऊन माझ्यावर आवाज चढवला असता.)

पण तुम्हाला लागलं ते वेगळंच आहे. ‘तुम्ही एकट्याच नेत असाल’ हे वाक्य लागलं. पंधरा वर्षं आपण जिथे जातो तिथे आपली गणतीच नाही, असं ते ऐकू आलं. तुमच्या जागी मलाही लागलं असतं. पण दुकानात गणती कशी होते ते एकदा नीट बघा, म्हणजे त्या वाक्यातला अपमान उतरेल आणि उपयोग दिसेल.

26 जून 1974 रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका सुपरमार्केटात च्युइंगगमचं एक पाकीट बारकोड वाचणाऱ्या यंत्रावरून गेलं. आज चालतो त्या पद्धतीच्या बारकोडवर बिल झालेली ती पहिली वस्तू. त्याआधी काय खपतं हे दुकानदाराला माल मोजून, फळ्या बघून आणि गिऱ्हाइकाशी बोलून कळायचं. बारकोड आल्यापासून प्रत्येक बिलातली प्रत्येक ओळ कळते, आणि बिलात न आलेलं मात्र काही म्हणता काही कळत नाही. एखादी बाई आली, साबण शोधला, मिळाला नाही, परत गेली, तर ती बाई दुकानाच्या लेखी आलीच नव्हती. पूर्वीच्या दुकानदाराला ‘ताई, तुमचा साबण संपलाय, परवा ठेवतो’ म्हणता यायचं, कारण परत जाणारं माणूस त्याच्या डोळ्यांपुढून जायचं. संगणकाला फक्त घेतलेलं दिसतं. हवं असलेलं दिसत नाही.

आता थोडं कटू बोलते, रागावू नका. तुम्ही एकदम सहा वड्या आणायच्या आणि सहा महिने साबणाच्या फळीकडे फिरकायच्या नाहीत. त्या सहा महिन्यांचे 26 आठवडे धरले तर एका आठवड्यात सहा नग गेले आणि 25 आठवडे शून्य. घरात हा शहाणपणा आहे, पण आठवड्याच्या आठवड्याला खप बघणाऱ्या प्रोग्रामला यातून काय दिसत असेल? एक जुनी वस्तू, जिला कुणी विचारत नाही. मधल्या एका आठवड्यात कधीतरी सहा नग उडाले, तर तो अपवाद म्हणून बाजूला पडायचा. हीच सहा नगांची खरेदी महिन्याला एक अशी झाली असती, तर आकडा तेवढाच राहून चित्र बरंच बरं दिसलं असतं. तुमच्यासारखी आणखी दोन-तीन घरं असणार, कारण अगदी एकाच घरासाठी कुठलंही दुकान पंधरा वर्षं साबण ठेवत नाही. तीही बहुधा साठाच करत असतील. ज्यांची वस्तू दुर्मिळ होत चालली आहे तीच माणसं साठा करतात, आणि साठ्यामुळे ती आणखी दुर्मिळ दिसते.

एवढ्यावर सगळा दोष तुमच्या माथी मारून मोकळी होत नाही, कारण तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने माझे कान टवकारले. खालच्या फळीवर, दुसऱ्या खोक्यांच्या मागे सापडला, असं तुम्ही लिहिलंय. हा भुताटकीचा प्रकार दुकानांना चांगला ठाऊक आहे. संगणकात चार नग शिल्लक दिसतात. प्रत्यक्षात दोन चोरीला गेलेले, एक फुटून फेकलेला, एक भलत्याच खोक्यामागे. फळी रिकामी, पण संगणकाच्या मते माल आहे, म्हणून तो नवीन ऑर्डर देत नाही. ऑर्डर नाही म्हणून माल नाही, माल नाही म्हणून विक्री नाही, आणि यादी काढायची वेळ आली की शेरा तयार: उठाव नाही. हे फार क्वचित घडतं असंही नाही. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन या दोन अभ्यासकांनी एका मोठ्या दुकान-साखळीच्या 37 दुकानांतल्या जवळजवळ 3,70,000 नोंदी तपासल्या, तेव्हा त्यातल्या 65 टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. त्यांचा लेख 2008 मध्ये आला. म्हणजे तुमचा साबण न खपल्यामुळे गेला, की न दिसल्यामुळे खपला नाही, हे त्या मुलीलाच काय, तिच्या मॅनेजरलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मग अशी छाटणी करून दुकानांचं भलं होतं का? इथे पुरावा दोन्हीकडून आहे, आणि तो मला फार गमतीचा वाटतो. 1998 मध्ये सुझन ब्रोनियार्चिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एखाद्या प्रकारातल्या कमी आवडीच्या वस्तू काढून टाकल्या, पण आवडती वस्तू ठेवली आणि फळीची लांबी तेवढीच ठेवली, तर गिऱ्हाइकाला माल कमी झाल्यासारखं वाटतच नाही. 2001 मध्ये पीटर बोटराइट आणि जोसेफ न्यून्स यांनी एका ऑनलाइन किराणा दुकानाचे आकडे तपासले. 42 प्रकारांत छाटणी झाली होती, आणि विक्री सरासरी 11 टक्क्यांनी वाढली होती. गर्दी कमी झाली की हवं ते पटकन सापडतं, हे आपल्यालाही पटण्यासारखं आहे. दहा साबणांपुढे मीही गोंधळून उभी राहते.

पण ‘आवडती वस्तू ठेवली तर’ यातच सगळी मेख आहे. कुणाची आवडती? वॉलमार्ट या अमेरिकन साखळीने 2009 च्या सुमारास दुकानं नीटनेटकी करायची म्हणून हजारो वस्तू काढल्या. दुकानं छान दिसू लागली, विक्री मात्र घसरत राहिली. घसरणीला तेव्हाची मंदी आणि इतरही कारणं होती, पण 2011 मध्ये कंपनीने सुमारे 8,500 वस्तू परत आणत असल्याचं जाहीर केलं. झालं होतं ते आपण घरबसल्याही सांगू शकलो असतो. ज्या बाईला तिची एक वस्तू मिळत नाही, ती त्या एका वस्तूसाठी दुसऱ्या दुकानात जाते आणि मग बाकीची पिशवीही तिथेच भरते. साबणाच्या यादीत तोटा एका वडीचा दिसतो. गेलेली असते पूर्ण पिशवी.

आता कराल काय ते सांगते.

पहिलं म्हणजे साबण कुणी बंद केला ते शोधा. दुकानाने की कंपनीने? आपण दोन्हीला ‘बंद झाला’ म्हणतो, पण एकात साबण जिवंत आहे आणि दुसऱ्यात गेला. उरलेल्या चार वड्यांपैकी एकीच्या वेष्टनावर कंपनीचा कस्टमर केअरचा नंबर किंवा ईमेल असेल. तिथे तीनच गोष्टी विचारा: हा साबण अजून बनतो का, आमच्या भागात तो कुणाकडे जातो, आणि बनत नसेल तर बिनवासाचा दुसरा कुठला निघतो. वेष्टनाचा फोटो काढून ठेवा आणि बारकोडखालचा आकडा त्यांना द्या. नावं सारखी असतात, वेष्टनं बदलतात, आकड्यावर मात्र घोळ होत नाही. हे आजच करा, वेष्टन कचऱ्यात जायच्या आत.

साबण बनत असेल तर दुकानात जा. काउंटरवर विचारू नका, सकाळी गर्दी नसताना मॅनेजरला गाठा. ‘परत ठेवा’ एवढंच म्हणालात तर तो ‘बघतो’ म्हणेल, आणि आपल्याकडे ‘बघतो’चा अर्थ काय ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याला आकडा द्या: मला वर्षाला बारा वड्या लागतात, खोकं किती नगांचं येतं, मी अर्धं खोकं आगाऊ पैसे देऊन उचलते, मागवाल का? यातून त्याची सगळ्यात मोठी भीती, माल डोक्यावर पडण्याची, निम्मी होते. सगळ्याच साखळ्यांत मॅनेजरला हा अधिकार नसतो. नसेल तर वरच्या ऑफिसला लेखी विनंती कशी जाते ते विचारा आणि ती द्या. त्यात बारकोडचा आकडा, किती नग, किती दिवसांनी, आणि तुम्ही बाकी काय काय तिथूनच भरता हेही लिहा. तुमच्याकडे त्यांचं सदस्य कार्ड असेल तर त्याचा नंबर घाला. तुम्ही वर्षभर काय काय घेता हे त्या नंबरावर त्यांच्याकडे आधीच पडलेलं असतं, फक्त ते उघडून बघायला कुणाला तरी निमित्त लागतं. तुमचं पत्र हे ते निमित्त.

सासूबाईंची तब्येतही त्यात लिहा, पण एका वाक्यात. रडगाणं म्हणून लिहिलं तर सहानुभूती मिळते आणि कागद फायलीत जातो. ‘वासाची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी तुमच्या फळीवर आता एकही साबण उरलेला नाही’ असं लिहिलं तर माल निवडणारा माणूस थबकतो. त्याची यादी नगांची असते, गरजांची नसते. सात सुगंधांतला एक काढला तर गिऱ्हाईक सहावा घेतं. बिनवासाचा एकमेव काढला तर त्याच्या जागी घेण्यासारखं फळीवर काही उरतच नाही. हा फरक खपाच्या क्रमाने लावलेल्या यादीत दिसत नाही, सांगावा लागतो. मला विचाराल तर तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे आणि तो भांडणात तुमच्या तोंडून निघालाच नाही.

दुकान कुठल्या जातीचं आहे तेही बघा. काही साखळ्यांचा धंदाच मोजक्या मालावर चालतो. कॉस्टको ही अमेरिकन साखळी तर आपल्या अवाढव्य गोदामांत 4,000 च्या आसपासच वेगवेगळ्या वस्तू ठेवते. नेहमीच्या मोठ्या अमेरिकन सुपरमार्केटात हाच आकडा 30,000 च्या घरात असतो. तुमचं दुकान पहिल्या जातीचं असेल तर अर्ज-विनंत्यांत वेळ घालवू नका. तिथे ‘नाही’ म्हणणं हेच धोरण असतं. त्यापेक्षा औषधाच्या दुकानात विचारा. असले साबण पुष्कळदा तिथे जाऊन पोचतात. किंवा ज्याचा मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशा लहान दुकानात. त्याला कुठल्या ऑफिसची परवानगी लागत नाही, आणि दर महिन्याला एक वडी नेणारं गिऱ्हाईक बाकीचीही पिशवी भरून नेणार हे त्याला आकडेमोडीशिवाय कळतं.

मुलाच्या सल्ल्याबद्दल. ऑनलाइन मागवणं वाईट नाही, कमी खपाच्या वस्तूंना खरं घर तिथेच मिळालंय. गोदामात फळीची लांबी मोजावी लागत नाही आणि दहा गावांतली दहा घरं एकाच खोक्यावर निभावतात. फक्त विकणारा कोण आहे ते बघा, तारीख बघा, आणि पहिल्यांदा एकच वडी मागवा. एक मात्र ध्यानात असू द्या. दुकानाने साबण परत ठेवला आणि तुम्ही दोन पैसे स्वस्त म्हणून ऑनलाइनच घेत राहिलात, तर पुढच्या यादीत तो पुन्हा शेपटाला असेल आणि त्या वेळी तुमच्या बाजूने मी लिहिणार नाही.

साबण बनायचाच बंद झाला असेल तर मोर्चे काढू नका. कंपन्या एखाद-दुसऱ्या वेळी गिऱ्हाइकांच्या ओरड्याने वस्तू परत आणतात, पण त्या ओरड्यात हजारोंचे आवाज असतात. तेव्हा कुठे उरलेल्या वड्या असतील तर तेवढ्या घ्या. साबणाची वडी कोरड्या जागी ठेवली की वाळून कडक होते आणि उलट जास्त दिवस पुरते. पण दहा वर्षांचा साठा नको, त्यातल्या तेलाला कालांतराने खवट वास मारू शकतो, आणि तुमच्या घरी वासाचंच तर वावडं आहे.

आणि चार वड्या हातात आहेत तोवरच पर्याय शोधायला लागा. चौथी वडी झिजल्यावर नव्हे. म्हणजे तुमच्याकडे साधारण चार महिने आहेत. इथे एक फसगत सांगून ठेवते. वेष्टनावर ‘वास नसलेला’ असं लिहिलेलं असलं तरी आत सुगंधी द्रव्य असू शकतं. कच्च्या मालाचा वास झाकायला ते घालतात. म्हणून पुढचं नाव वाचू नका, मागची बारीक अक्षरातली यादी वाचा. तिथे ‘फ्रेग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ हा शब्द दिसला की वडी खाली ठेवा. नवा साबण सासूबाईंनी सगळ्या अंगाला एकदम लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला छोट्याशा जागी दिवसातून दोनदा, नेहमीसारखा लावून धुवायचा, असं सात ते दहा दिवस. पुरळ उठलं नाही तर पुढे जा. आधी कधी जोरात त्रास झाला असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना विचारूनच हे करा.

‘दुसरा कुठलाही आण, मला चालेल’ हे सासूबाईंचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्हाला दुकानात भांडावं लागलं हे त्यांच्या कानावर गेलंय, हो ना? आपल्यापायी सुनेला त्रास नको म्हणून त्या बोलल्या. त्यांना शोधात घ्या. बारीक अक्षरं तुम्ही वाचून दाखवा, वास त्यांनी घ्यावा. या विषयात त्यांच्या नाकाइतकं पारखी घरात दुसरं काही नाही. त्या नापास करतील, तुम्ही वैतागाल, पण ‘चालेल’ म्हणत पुरळ सोसण्यापेक्षा ते बरं.

राहता राहिलं भांडण. मुद्दा तुमचा बरोबर होता, माणूस चुकीचं निवडलंत. जिच्या हातात फळीवरचा एक साबणही नाही तिच्यावर तुम्ही पंधरा वर्षांचा राग काढलात. ती ‘तुम्ही एकट्याच’ म्हणाली हे तिचंही चुकलंच, पण तिला तसं बोलायला कुणी शिकवलं नसेल आणि तसं बोलू नये हेही कुणी शिकवलं नसेल. मॅनेजरला भेटायला जाल तेव्हा आधी तिच्याकडे जा. ‘त्या दिवशी मी जास्त बोलले’ एवढं पुरे. लांबलचक माफीने ती बिचारी अवघडेल. लेकीला बरोबर न्या. ‘एका साबणासाठी?’ असं ती म्हणाली खरी, पण तिचा आक्षेप साबणावर नसावा, रांगेतले लोक बघत होते यावर असावा.

जाता जाता एक गंमत, तुमच्या ‘एकट्याच’वर उतारा म्हणून. 2015 मध्ये एरिक अँडरसन, डंकन सिमेस्टर आणि सहकाऱ्यांनी दुकानांतल्या खरेदीच्या नोंदींवरून दाखवून दिलं की काही गिऱ्हाइकं अशी असतात की ती ज्या नव्या वस्तूच्या प्रेमात पडतात ती हटकून बाजारात आपटते. अशी माणसं एखादी नवी वस्तू पुन्हा पुन्हा घेऊ लागली की समजावं, तिचे दिवस भरले. हे वाचलं तेव्हा मला माझ्या घरातली तीन कपाटं आठवली. मला आवडलेली शाई बंद झाली, वहीची एक जात बंद झाली, एक केसांचं तेल तर सहा महिन्यांत गेलं. मी आता नव्या वस्तूची तारीफ चारचौघांत करत नाही, उगाच कुणाची कंपनी बुडायची. तुमचा साबण तर पंधरा वर्षं टिकला. म्हणजे त्या पंगतीत तुम्ही नाही, मी आहे.

वेष्टनावरचा नंबर लागला की कळवा. आणि खोकं किती नगांचं निघालं तेही, 24 चं की 48 चं. 48 चं निघालं तर अर्धं खोकं उचलायचा माझा सल्ला मागे घेते, आधी शेजारपाजारी विचारून या.